मुळावरची साय

जीभ पुढं गेली आणि तिला काही लागलंच नाही. सगळ्यात आधी कळलं ते हे. रक्त नंतर, दुखणं त्याच्याही नंतर, आणि काकाचा आवाज तर फारच उशिरा, भिंतीपलीकडून आल्यासारखा. आधी फक्त एवढंच, की वरच्या रांगेत समोरच्या दोन मोठ्या दातांपैकी उजवा जिथं असतो तिथून जिभेचं टोक सरळ बाहेर गेलं, रोजच्या दाराला खांदा द्यायला जावं आणि दार सताड उघडं असावं तसं. मी ओरडले नाही. काका मला कात्री म्हणतो, बसमध्ये कुणाचा पाय माझ्या पायावर पडला तर शेवटच्या बाकावरच्यालाही कळतं, अशी मी; पण मी गप्प उभी होते आणि जीभ त्या भोकातून आतबाहेर करत होते. आत गरम, खारट, मऊ काहीतरी होतं आणि ते खोल होतं. केवढं खोल! सतरा वर्षं हे तोंड वापरलं, खाल्लं, भांडले, शिव्या दिल्या, आणि या जागेचा मला पत्ताच नव्हता. आपण राहतो त्याच घराखाली तळघर आहे, असं कुणी आज येऊन सांगावं तसं वाटलं.

चाक अजून फिरतच होतं. बफचं चाक म्हणजे कापडाच्या चकत्या एकावर एक शिवून केलेलं, हात लावला तर गादी आणि मोटर सुरू झाली की वाघ. काकाची शेड पॉलिशची. लोक ओतकामाची काळी, खरबरीत हँडलं, कड्या, नळ पाठवतात आणि आम्ही ते आरशासारखे करून परत देतो. दीड वर्षं मी हेच करतेय. नववीत वर्गशिक्षिकेशी माझं वाजलं, मी दप्तर बाकावर ठेवून वर्गातून निघाले ती निघालेच. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि मग काकानं मला शेडमध्ये आणून उभं केलं. तो बाबांचा धाकटा भाऊ. बाबा मी चार वर्षांची असताना गेले, त्यामुळं बाबा म्हटलं तरी मला काकाच दिसतो, कानात केस वाढलेला, नखांच्या कडा कायम काळ्या. पहिल्या दिवशी त्यानं मला एकच गोष्ट शिकवली. चाक तुझ्यासमोर वरून खाली फिरतं, वस्तू त्याच्या खालच्या अर्ध्यात धरायची, आणि धार कधी म्हणजे कधी चाकासमोर आणायची नाही. धार समोर आली की चाक ती पकडणार. आणि एकदा पकडली की ती वस्तू तुझी नाही. दीड वर्षात मी हे एकदाही विसरले नव्हते. त्या दिवशी सकाळी काका कपाटापाशी उभा राहून म्हणाला, "कात्रे, तुझ्या आईनं फॉर्म आणलाय. बाहेरून परीक्षेला बसता येतं म्हणे. भरून टाक की."

"तू पण?"

"मी पण म्हणजे काय? जन्मभर हँडलंच घासणार आहेस का?"

"तू नाही का घासत?"

"म्हणून तर सांगतोय."

बस, एवढंच. मला राग येतो तो मानेतून येतो. मान फिरली, मानेबरोबर खांदा, खांद्याबरोबर हात, आणि हातातल्या पितळी हँडलची पातळ कड चाकासमोर गेली. कुणीतरी हिसकावून घेतल्यासारखं झालं. हँडल खालच्या पत्र्यावर आपटलं, तिथून उसळलं आणि वर आलं. तोंडावर ओढायची काच माझ्या डोक्यावर होती. भांडायला सोपं जावं म्हणून मीच ती वर सरकवली होती.

शेजारच्या शेडमधला लेथवाला धावत आला, त्यानं मला स्टुलावर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणत राहिला, थुंक, थुंक, गिळू नको. काका कुठंय म्हणून बघितलं तर तो गुडघ्यांवर. माझ्याकडं न बघता जमिनीवरची काळी धूळ गोळा करत होता, चिंध्या, धागे, पितळेचा भुगा, आणि ओंजळ ओंजळ चाळणीत घालत होता. "कशाला तोंड उघडलं मी," असं स्वतःशीच चाललेलं, "चाक चालू असताना कशाला बोललो, माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं." मग चाळणीत टक् झालं.

आता खरं सांगायचंय ते हे. दात काळा होता. चाकाला लावायची पॉलिशची वडी असते, मेणकट, तिचा चिकट लेप त्याच्यावर बसला होता. आणि आमच्या शेडमध्ये काळी वस्तू हातात आली की हात कुणाला विचारत बसत नाहीत. काकानं वाटीत थिनर ओतलं. हँडलांच्या नक्षीतल्या खाचांसाठी ठेवलेला जुना दातांचा ब्रश घेतला आणि घासायला लागला. लेप सुटला, खालून पांढरं निघालं, आणि मग मूळ निघालं. मूळ मी पहिल्यांदा पाहत होते. आपल्याला आरशात दिसतो तो दात म्हणजे नुसतं डोकं. खाली त्याच्याहून लांब, निमुळतं, पिवळसर, टोकाशी जरासं वाकलेलं असं एक अख्खं अंग होतं, इतकी वर्षं माझ्यात उभं आणि कधी कुणाला न दिसलेलं. त्याला गुलाबी धागे लोंबत होते. काकानं ते नखानं अलगद सोडवले. मग स्वच्छ सुती फडकं, फडक्यावर खडूची पूड, आणि अंगठा नि बोटाच्या मध्ये मूळ धरून गोल गोल. माझा ओठ फाटून वांग्याएवढा झाला होता, हनुवटीवरून रक्त गळत होतं, तरी मी बघत होते आणि मला ते सुंदर वाटत होतं. दीड वर्षं मी त्याचे हात कामात पाहिले होते, इतके हळू ते कधी चालले नव्हते. दात असा निघाला की लेथवाला म्हणाला, "अरे, हा तर तोंडात होता तेव्हापेक्षा भारी दिसतोय." काकानं तो नव्या फडक्यात गुंडाळून माझ्या मुठीत ठेवला. "घट्ट धर. डॉक्टर परत बसवतात असं ऐकलंय. मी साफ करून दिलाय."

दातांच्या डॉक्टरबाई दोन गल्ल्या सोडून, औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. काकाला बाहेर कागद भरायला बसवलं आणि मला आत, त्या आडव्या होणाऱ्या खुर्चीत. बाईंनी फडकं उघडलं, दात डोक्याकडून धरला, मुळाला बोट लागू न देता, आणि दिव्याखाली फिरवला. बराच वेळ फिरवला. मला वाटलं, बघा, बघा, आमच्या काकाचं काम आहे. "हा कुणी धुतला?" त्यांनी विचारलं. आवाजात कौतुक नव्हतं. मी बोटानं दाराकडं दाखवलं. कशानं, ते सांगितलं. अर्धे शब्द, अर्धी हवा. थिनर. ब्रश. खडू. बाईंनी डोळे मिटले आणि परत उघडले.

"दात हाडात रोवलेला असतो असं वाटतं ना तुला? खिळ्यासारखा?" त्या म्हणाल्या. "तसं नसतं. दात टांगलेला असतो. मुळाभोवती एक कातडी असते, दुधावरच्या सायीपेक्षा पातळ. तिचे हजारो धागे एका टोकाला दातात आणि दुसऱ्या टोकाला हाडात. दात हाडाला कुठंच टेकत नाही. आणि दात पडला ना, तरी ती साय मुळावर काही वेळ जिवंत असते. नुसता दुधात टाकून आणला तर तास-दोन तास. परत खाचेत बसवला की इकडचे धागे तिकडच्या धाग्यांना शोधून काढतात."

"आणि आता?"

त्यांनी दात पुन्हा दिव्याखाली धरला. "आता साय नाही. एक कण नाही. फार मेहनत घेतलीय कुणीतरी."

मी आडवी पडले होते, वर तो मोठा दिवा, आणि मला ते टांगलेले दात दिसायला लागले. माझ्या तोंडातले सगळे, एकेक आपापल्या झोळीत, हाडाला न टेकता. मी चावते तेव्हा ते झुलतात. मी रागानं दातओठ खाते तेव्हा हजारो धागे ताणून धरतात आणि सोडतात, मला न सांगता, पगार न मागता. शाळेत एवढी पुस्तकं डोक्यात कोंबली आणि हे कुणी सांगितलं नाही! आणि त्याच दमात काकाचं नख दिसलं, गुलाबी धागे अलगद सोडवणारं. ते लोंबणारं जे होतं ना, तेच जिवंत होतं. राग आला, मानेतूनच आला, पण खुर्चीच्या उशीत मान फिरवायला जागा नव्हती. काचेच्या दारातून काका दिसत होता. गुडघ्यावर कागद, जिभेचं टोक ओठांत धरून माझं नाव लिहीत होता, एकेक अक्षर, चुकू नये म्हणून. मी बाईंची बाही धरली.

"त्याला नका सांगू."

"का?"

"तो म्हणतोय, माझ्यामुळं लागलं. निदान दात तरी नीट आणला, एवढंच आहे त्याच्याकडं."

बाईंनी जरा विचार केला. "मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. तेवढं मला जमत नाही."

"तो विचारणारच नाही असं मी बघते."

काका आत आला तो वाकून, देवळात शिरल्यासारखा. "मॅडम, डाग राहिला नाही ना कुठं? घाईत होतो."

"नाही," बाई म्हणाल्या. "डाग अजिबात नाही."

दात आत गेला तेव्हा मला दुखलं नाही, इंजेक्शन दिलेलं होतं, पण ऐकू आलं. कानानं नाही, कवटीनं. ओली वाळू तुडवल्यासारखं काहीतरी आणि मग एक बारीक कट्. तळघराला कुणीतरी आतून कडी घातली. ओठाला चार टाके पडले, परत बसवलेल्या दाताला दोन्ही शेजाऱ्यांशी बारीक तारेनं बांधलं, दोन आठवडे पळून जाऊ नये म्हणून. काका खाली औषधं आणायला गेला तेवढ्यात बाईंनी बाकीचं सांगून टाकलं. आठवड्याभरात दाताची आतली नस काढायची. मग तीन महिन्यांनी एक्स-रेचा फोटो. साय कुठं चुकून एखाद्या कोपऱ्यात राहिली असेल तर नशीब. नसेल तर हाड येऊन मुळाला थेट भिडेल. हाड मूर्ख नसतं, त्या म्हणाल्या, पण सायीशिवाय त्याला दात ओळखता येत नाही. त्याला वाटतं, हे आपलंच जुनं हाड आहे. मग ते जुनं हाड जसं रोज खातं आणि नवीन भरतं, तसं मूळ खाईल आणि तिथं स्वतःला भरेल. पाच वर्षं, दहा वर्षं, कधी कमी. मग एक दिवस वरचं डोकं सुटून हातात येईल. "आपलं हाड रोज खाल्लं जातं?" मी विचारलं. "रोज," त्या म्हणाल्या. "तू पहिलीत होतीस तेव्हाचं हाड आता तुझ्यात फारसं उरलेलं नाही." मला त्याचं इतकं नवल वाटलं की दाताचं वाईट वाटायचं राहूनच गेलं.

घरी आईनं कपाळाला हात लावला. "तुला सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या," ती म्हणाली, "आणि पडला तुझा." मग माझ्यासाठी दुधात पाव कुस्करताना रडली. फॉर्म टेबलावर पडून होता, त्याची तारीख निघून गेली, तिनं तो दुमडून गादीखाली सरकवला. मी दुसऱ्याच कामात होते. मी ऐकत होते. बसमध्ये बाई लेकराला ओरडायची, कंडक्टर जांभई द्यायचा, शेडबाहेर दोघं हसायचे, आणि मला सगळ्यांच्या तोंडात ते टांगलेले दिसायचे, भरलेल्या बसमध्ये हजार-दीड हजार, झुलणारे, आणि एकालाही माहीत नाही. मग माझा. आरशात तो अगदी तसाच, उलट जरा जास्तच पांढरा. पण मी एक खेळ शोधला होता. डोक्याचा एक केस उपटायचा आणि वरच्या-खालच्या दातांत धरायचा. डाव्या दाताला केस कळतो. एवढासा केस! साय सांगते, काहीतरी आहे. उजव्याला ठेवला तर काहीच नाही. बोट ठेवलं तरी तो माझा वाटत नाही, कुणीतरी विश्वासानं ठेवायला दिल्यासारखा. आणि आत, त्या क्षणी, माझं हाड त्याच्याजवळ येत असेल, नसेल. अंधारात चाचपत. मी दिवसातून दहा वेळा जिभेनं तिथं टेकायचे, दाराला कान लावावा तसं.

काका मात्र सांगत सुटला होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझं तोंड उघडायला लावायचा. "बघा, ओळखा कुठला. नाही ओळखणार. डॉक्टरबाई काय म्हणाल्या माहितीय? डाग अजिबात नाही." लेथवाला म्हणायचा, "कात्रीनं आता कुणावर दात धरायचा असेल तर डावाच धरावा, उजवा नाजूक आहे," आणि दोघं हसायचे. मीही ओठ न हलवता हसायचे. पण एका दुपारी मी हँडल धरलं होतं, काच तोंडावर, कड खाली, सगळं बरोबर, आणि काका मागून म्हणाला, "नीट धर गं, परत दात घालवशील आणि परत मलाच घासत बसावं लागेल." मान तापली. शब्द आले, तयार, सगळे, धार लावलेले. घालवला कुणी? तूच मारलास तो. तुझ्या या नखानं. ते ओठांपर्यंत आले आणि मी मोटर बंद केली, हँडल ठेवलं आणि शेडच्या मागं पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभी राहिले. पिंपातल्या पाण्यात माझं तोंड दिसत होतं, बंद. मी याआधी एकही शब्द परत गिळला नव्हता. तो घशातून उतरताना इतका मोठा लागतो हे मला माहीत नव्हतं.

काका मागोमाग आला. "काय झालं? हल्ली तू बोलतच नाहीस. दाताच्या बदल्यात जीभ दिलीस की काय डॉक्टरला?"

"तार बोचते."

"तार काढून दोन महिने झाले."

मी पिंपावरचं झाकण सरळ केलं. तो कान खाजवत आत गेला. त्या दिवसापासून त्यानं गिऱ्हाइकांना माझं तोंड दाखवणं बंद केलं. आणि फोटोचा दिवस आला तेव्हा सकाळीच हात साबणानं तीनदा धुऊन तयार. "या वेळी मी आत येणार. मला बघायचाय तो फोटो." मी म्हटलं, गरज नाही. मी म्हटलं, शेडमध्ये माल पडलाय. मी म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? तो चपला घालून जिन्यात उभा.

आत त्यानं कोपऱ्यातलं गोल स्टूल धरलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसला. फोटो मशीनमधून निघून पडद्यावर यायला वेळ होता, तोवर बाईंनी त्यांचा छोटा आरसा उलटा केला आणि त्याच्या दांड्यानं माझे दात एकेक ठोकून बघायला लागल्या. डावीकडून. ठक्. ठक्. ठक्. हे ठोके मला लागत होते, मऊ, उशीवर बोट मारल्यासारखे. मग उजवा. टण्. तो मला लागलाच नाही. तो नुसता ऐकू आला, डोळ्यांच्या मागून, कपाळातून, कानशिलातून एकदम, जणू दात नाही, अख्खी कवटीच कुणी वाजवली.

काकानं मान वर केली. "थांबा. परत वाजवा."

बाईंनी वाजवला. शेजारचा, ठक्. हा, टण्. ओतकामातून आलेलं प्रत्येक हँडल काका पान्यानं वाजवून घेतो, आत पोकळी आहे का, चीर आहे का, ते डोळ्याआधी कानाला कळतं. गिऱ्हाईक भांडतं आणि फोडून बघितलं की काकाच बरोबर निघतो. तो स्टुलावरून उठला होता. "शेजारचे सुटे बोलतायत. हा सुटा नाही. हा मागच्याशी एकजीव झालाय."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांचा हात तसाच राहिला. "कसं ओळखलंत?"

"मॅडम, भरीव कोण आणि पोकळ कोण, यातच जन्म गेला माझा." आणि मग त्याचा चेहरा फुलला, असा की मला बघवेना. "म्हणजे पक्का बसला की! कात्रे, ऐकलंस? हलणार नाही आता. पक्का बसलाय!"

बाई हसल्या नाहीत. पडद्यावर फोटो आला. माझे दात राखाडी, उलट्या मेणबत्त्यांसारखे उभे, आणि प्रत्येकाच्या मुळाभोवती केसासारखी एक काळी रेघ, पेन्सिलीनं काढल्यासारखी, खालून वर, टोकाला वळसा घालून परत खाली. मी ती मोजत गेले. याला आहे. याला आहे. याला आहे. माझ्या दाताला नव्हती. मूळ होतं, हाड होतं, आणि मध्ये काही नव्हतं. नशीब नव्हतं. काका पडद्याजवळ गेला, इतका जवळ की त्याच्या श्वासानं काच धुरकटली.

"ही रेघ कसली?"

"तिथं दाताची साय असते," बाई म्हणाल्या. "त्या सायीत दात टांगलेला असतो."

"मग हिच्या या दाताला का नाही?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी तोंड उघडलेलं मला दिसलं. खोटं त्यांना जमणार नव्हतं, आणि खरं त्या फार नीट, फार स्वच्छ शब्दांत सांगणार होत्या, परक्या माणसाच्या तोंडून, आणि तो वाकून हो मॅडम, हो मॅडम म्हणत ऐकणार होता.

"काका," मी म्हटलं, "तू मूळ घासलंस म्हणून."

आवाज मोठा झाला नाही. मानेत काही हललं नाही. मला वाटलं होतं, बोलले तर ते पिंपापाशी गिळलेलं सगळं बाहेर येईल, धार लावलेलं. पण तेवढंच आलं, पाच-सहा शब्द, पाण्यासारखे. काका माझ्याकडं वळला नाही. तो पडद्याकडंच बघत होता.

"थिनरनं, की ब्रशनं?" त्यानं बाईंना विचारलं.

"सगळ्यानंच थोडं थोडं."

"नख पण लावलं होतं मी."

"हो."

"मूळ पिवळं दिसलं. मला वाटलं, मळ आहे." त्यानं अंगठा बोटावर घासला. "वरचं तर पटकन निघालं होतं. मुळावरच वेळ घालवला मी." बाईंनी मग त्याला पुढचंही सांगितलं, हाड मूळ खाणार, पाच वर्षं, दहा वर्षं, मग सुटणार, तेव्हा दुसरा बसवता येईल. तो ऐकत होता आणि मान हलवत होता, मालात खड्डा निघाला आणि तो पॉलिशनं जाणार नाही असं दिसलं की हलवतो तशी. मग माझ्याकडं वळला.

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू गप्प बसलीस?" त्याला ते दाताहून मोठं वाटलं असावं. "तू?"

काका परत पडद्याकडं गेला आणि बोट न टेकवता, हवेतूनच, माझ्या मुळाच्या कडेनं फिरवत राहिला, एकदा खाली, एकदा वर, परत खाली. सांधा शोधताना तो असंच करतो. दोन तुकडे कितीही बेमालूम जोडलेले असू देत, त्याचं बोट कुठंतरी थांबतंच. ते थांबेना.

"सांधा कुठाय?" तो म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "इथं या बाजूला मूळ कुठं संपतं आणि हाड कुठं सुरू होतं, ते मलाही दाखवता येणार नाही."

"तीन महिन्यांत?"

"तीन महिन्यांत."

"कोण करतं हे?"

"हाडातल्या पेशी. डोळ्याला दिसत नाहीत इतक्या बारीक."

"आत्ता पण चालू आहे?"

"आत्ता पण."

काकानं माझ्या गालाकडं बघितलं, बंद शटरकडं बघावं तसं, ज्याच्या आत उजेड आहे आणि कुणीतरी कामाला लागलंय. बाबा गेले तेव्हाही तो रडला नव्हता असं आई सांगते, आणि आत्ताही नाही, पण त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा निघाला, लहान. "चाळीस वर्षांत मी असा जोड पाहिला नाही," तो म्हणाला. आणि मग बाईंना, "मी एकदा वाजवू का?"

बाईंनी त्याला हातमोजा दिला. त्याच्या जाड बोटांवर तो चढेना, दोघांनी मिळून चढवला, आणि पातळ रबरातून नखांच्या काळ्या कडा दिसत राहिल्या. मी तोंड उघडलं. तो वाकला, पण डोळे माझ्याकडं नव्हते, त्यानं कान खाली आणला, माझ्या तोंडापाशी, इतका जवळ की त्यातले केस माझ्या ओठाला लागले. साबणाचा वास आला, त्याखाली धातूचा. त्यानं श्वास धरला. मग बोटाच्या टोकानं, किती हळू, वाजवला. दाताला काही कळलं नाही. मला कळलं, सगळीकडून, हाडाहाडातून, आणि ते जात जात पाठीच्या मणक्यापर्यंत गेलं.

"अजून एकदा," तो म्हणाला.

मी तोंड तसंच उघडं ठेवलं.